आज कोण गाणार?

४ मार्च, मंगळवार

डोकं उठवलंय लोकांनी! तिकीट मागायच्या आधी प्रत्येकाचं एकच — आज कोण गाणार? अरे, नाटक तेच, गाणी तीच, लाकडी होडीसुद्धा तीच. पण नाही. नवी गाणार म्हटलं की हात खिशात जातो. धाकटी म्हटलं की "बरं, बघतो" आणि पाठ फिरते.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. नावाडणीचं मुख्य काम पहिल्या खेळापासून तिचं. मध्ये तिचा घसा बसला म्हणून मालकांनी मागे घोळक्यात गाणाऱ्या एका पोरीला पुढे उभं केलं. घसा सुटला, पण पोर काही मागे गेली नाही. आता बुधवार-शनिवार धाकटी आणि शुक्रवार-रविवार नवी. हे बाहेर कुठे लिहिलेलं नाही. मालकांना वाटतं, लिहिलं तर धाकटीच्या वारी कुत्रं फिरकणार नाही. म्हणून लोक मला विचारतात. खिडकीत मी बसते ना!

५ मार्च, बुधवार

अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. घरी आल्या आल्या धाकटीनं विचारलं, विक्री कशी होती. म्हटलं, पोरांच्या परीक्षा चालू आहेत. मागच्या खेपेला थंडीवर ढकललं होतं. आता कारणं संपत आली.

६ मार्च, गुरुवार

मालक खिडकीत येऊन बसले. त्यांच्या मते पोस्टर लहान पडतंय. धाकटीचा चेहरा दाराएवढा छापणार म्हणे. मग म्हणाले, जाहिरात कमी पडते. मग म्हणाले, खुर्च्या टोचतात. जाता जाता खरं बोलले — "पुढचे दोन आठवडे बघतो. बुधवार-शनिवार भरले नाहीत तर सगळे खेळ नवीला. तुम्ही तिला एवढ्यात काही बोलू नका."

तुम्ही! एरवी अगं-तुगं करतात. वाईट बातमी द्यायची असली की माणसाचा मान वाढतो.

७ मार्च, शुक्रवार

नवीचा खेळ. तिकिटं संपली, खिडकी लवकर लावली आणि आत जाऊन मागे उभी राहिले. म्हटलं, बघू तरी काय आहे हिच्यात. गळ्याला धाकटीच्या नखाची सर नाही. दुसऱ्या अंकात होडीचं गाणं आलं. शेवटच्या ओळीपाशी बाई गायचीच थांबली. वल्हं खाली ठेवलं, लोकांकडे बघून हसली — आणि अख्ख्या थिएटरनं ती ओळ म्हटली! म्हातारे, टकले, कडेवर पोर घेतलेल्या बाया, सगळे. माझ्या शेजारचा दारवान, ज्याला नीट खाकरायचाही कंटाळा, तोसुद्धा. मीही म्हटली. मग स्वतःचाच राग आला.

लोक स्वतःचा आवाज ऐकायला येतात, दुसरं काय.

८ मार्च, शनिवार

खेळाला निघायच्या आधी धाकटीला सुचवून बघितलं. म्हटलं, ती शेवटची ओळ तूही सोड की लोकांवर. ती भांडी विसळत होती. हात थांबला. "ताई, तीच तर अवघड आहे. रोज पहाटे उठून मी तिच्यासाठी गळा घासते. तीच सोडू?"

बरोबर आहे तिचं. पण बरोबर असून खुर्च्या भरत नाहीत. आजही भरल्या नाहीत.

आई गेल्यावर हिला मी वाढवलं. मला शाळा सोडावी लागली, हिला गाणं सोडू दिलं नाही. आता चाळिशीत घोळक्यात उभी राहणार का ती?

१२ मार्च, बुधवार

केलं एकदाचं. पहिल्या माणसानं विचारलं, आज कोण? मी म्हटलं, नवी. तोंडातून गेलं ते गेलं. मग दुसऱ्यालाही तेच, मग सगळ्यांनाच. बाहेर धाकटीचा दाराएवढा चेहरा चिकटवलाय, तरी विचारतात, तरी ऐकतात!

थिएटर भरलं. मालक खूश — बघितलंस, पोस्टरनं कसा फरक पडला. धाकटी जेवताना बोलायची थांबेना. मी ताटात बघून जेवले.

१३ मार्च, गुरुवार

काल मध्यंतरात दोघंतिघं कुरकुरत आले होते. मी खिडकी ओढून घेतली. हे काल लिहिलं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा भरलं. धाकटी घरी आली ती चप्पलही न काढता खुर्चीत बसली. म्हणाली —

"त्या ओळीच्या आधी सगळे श्वास घेतात गं. ऐकू येतो मला, एवढा मोठा श्वास. मग मी गाते आणि त्यांचा श्वास तसाच राहतो. दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत होते ते."

मी म्हटलं, दमलीयेस, झोप जा.

१६ मार्च, रविवार

नवीचा खेळ. मी आत गेले नाही. ती ओळ बाहेर खिडकीपर्यंत ऐकू आली.

१८ मार्च, मंगळवार

उद्याची तिकिटं देत होते. रांग बरी होती. पहिल्यानं विचारलं, उद्या कोण? नवी. मागच्या बाईला, नवी. तिच्या मागच्यालाही, नवी. मान वर करायला कुणाला वेळ आहे! पुढचा हात आत आला. "एक दे. पुढच्या रांगेतलं."

धाकटी. रांगेत उभी होती. सगळं ऐकलं होतं.

ती शांतपणे खिडकीशी वाकली आणि हळू म्हणाली, "खोटं नाही बोललीस, ताई. मी आत्ताच मालकांना सांगून आले. उद्या नवीच गाणार."

मी तिकीट फाडून दिलं. तिच्या मागे रांग उभी होती.