तीन नंबर बंद

३ मार्च

ती. मामांस सा. न.

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं, की दादा मिस्त्रीशी खोटं बोलला. ते चुकलं. तुमचा मुलगा खरंच बोलला होता.

आमच्या कारखान्यात एका खात्याने दुसऱ्याशी थेट बोलायचं नाही. सगळे निरोप माझ्या टेबलावरून जातात. मिस्त्रीने तीन नंबरच्या मशीनचं विचारलं, तेव्हा दादाने मला फोनवर सांगितलं, तीन नंबर बंद. मी मिस्त्रीला तेच सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. दादाच्या खात्यातले रबर मळणारे, झाकण लागलं की ‘बंद’ म्हणतात, म्हणजे आत मशीन चालू. मिस्त्रीच्या दुरुस्ती खात्यात बंद म्हणजे वीज बंद. त्याने मशीनच्या खालच्या दारातून हात वर घातला. पात्यांनी कोपरापर्यंत नेला. बोटं सापडलीच नाहीत, रबरात मळली गेली.

त्याच्या माणसांनी फाटकापाशी पान्याने दादाचा जबडा फोडला, तो याच शब्दापायी. दादा काही खातो का?

रागावलात तरी लोभ तोडू नका.

तुमची भाची

७ मार्च

चि. साहेबीणबाईंस अनेक आशीर्वाद.

दादा नळीने दूध घेतो. मामी म्हणते, जन्मात पहिल्यांदा गप्प बसलाय. मग आत जाऊन रडते.

आमच्या वेळी मशीन थांबली की आम्ही ‘झोपली’ म्हणायचो. दुसऱ्या खात्याला ते कधी सांगितलं नाही, आणि तेव्हा तर बोलायला बंदीही नव्हती.

मारामारीनंतर टाळं लागलेला कारखाना सोळाला, सोमवारी पुन्हा सुरू होतोय. मी पहार घेऊन फाटकाशी असेन. मिस्त्रीच्या माणसांतल्या एकाला तरी आडवा करीन. तू मधे पडू नकोस. घराण्यातली पहिली खुर्ची आहे, सांभाळ.

लोभ आहेच, सांगायला नको.

मामा

११ मार्च

ती. मामांस सा. न.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मिस्त्रीचा निष्काळजीपणा, विषय संपला. निरोपाचं नाव काढलंस तर घरी बस. शिपाईकाका सांगतात, मिस्त्रीचा भाऊ कानस घासून सुरा करतोय. दादा तर अंथरुणात आहे. मग सुरा कुणासाठी, ते तुम्हीच ओळखा.

पहार घरी ठेवा. दादाचा शब्द मी अर्थ न विचारता तसाच पुढे दिला, हे त्यांना अजून माहीत नाही. फाटक उघडण्याआधी मी दोन्ही खात्यांच्या मधे उभी राहून ते सांगणार, ‘बंद’चे दोन अर्थ सांगणार, आणि तुमचा ‘झोपली’सुद्धा. खुर्ची गेली तर जाऊ दे, मला जमिनीवर बसायची सवय आहे.

त्या दिवसानंतरही मला आपलीच म्हणा.

तुमची भाची

ता. क. सोमवार, १६ मार्च, सकाळची पाळी.