विजेचा पंच मीच

४ मार्च
काल पुन्हा अख्खा प्रदेश अंधारात. तीन वीज कंपन्या, तिघींच्या लाइन एकमेकींत गुंतलेल्या, आणि भार वाढला की प्रत्येकीचं एकच, आधी तुम्ही कमी करा. बायको लिफ्टमध्ये अडकली. बाहेर आल्यावर म्हणाली, तुमच्या या कारभाराला कोणी वाली आहे की नाही? त्याच क्षणी सुचलं. वाली हवा! वीज बनवणार नाही, विकणार नाही, फक्त कुठल्या लाइनवरून किती सोडायची ते ठरवणारी स्वतंत्र पंच-संस्था. तिन्ही कंपन्यांनी तिचं ऐकायचं. तिचा प्रमुख कोण, हे उघड आहे. नम्रतेमुळे लिहीत नाही.

५ मार्च
मी.

१९ मार्च
साहेबांनी कल्पना उचलून धरली. कंपनीतर्फे वाटाघाटी मी करणार. नदीपलीकडच्या कंपनीतर्फे चक्क माझा साडू. उत्तम. घरचाच माणूस, शिवाय डोक्याने बेताचा. डोंगरातल्या कंपनीचे गृहस्थ कानाने अधू, तेही सोयीचंच. बायको म्हणाली, भाऊजींना कमी समजू नका. हसलो.

२ एप्रिल
पहिली बैठक. विषय: संस्थेचं नाव. ‘प्रादेशिक’ आधी की ‘स्वतंत्र’ आधी, यातच दिवस गेला. साडूने तोंड उघडलं ते फक्त बिस्किटांसाठी. माझं नेतृत्व त्याला मान्य आहे.
संकल्प: रोज दाढी करताना प्रमुखासारखं बोलण्याचा सराव.

३ एप्रिल
सराव केला. हनुवटी कापली.

२१ एप्रिल
घात! बायको सहज बोलून गेली, ताई म्हणत होती, प्रमुखपदासाठी भाऊजींचं नाव चाललंय. माझ्या कल्पनेवर डोळा, तोही घरच्या माणसाचा! ताटावरून उठलो. भूक होती म्हणून परत बसलो.

२२ एप्रिल
डोकं शांत ठेवून नियमावलीत एक कलम घुसवलं. गेल्या पाच वर्षांत तिन्हीपैकी कुठल्याही कंपनीत नोकरी केलेल्याला संस्थेत कुठलंही पद नाही. साडू एका फटक्यात बाद. स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यायलो.

६ मे
कलम एकमताने मंजूर! अनुमोदन साडूचं. बिचाऱ्याला कळलंच नाही. त्याच गडबडीत त्याने एक किरकोळ मागणी केली, कंट्रोल रूम त्याच्या गावात असावी. देऊन टाकली. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवायला हवं.

७ मे, दुपार
कलम पुन्हा वाचलं.

७ मे, संध्याकाळ
मीही नोकरीतच आहे. पण संस्था ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला सवलत मिळेलच. उद्या साहेबांशी बोलतो.

८ मे
साहेब म्हणाले, काय कलम लिहिलंय, कुठे फट म्हणून ठेवली नाही. ऐकून बरं वाटलं. जिना उतरेपर्यंत.

२० जून
साडूकडे जेवायला. प्रमुख म्हणून कुणी निवृत्त न्यायाधीश आलेत. साडू वाढता वाढता म्हणाला, मला कुठे हवं होतं ते पद? तिन्हीकडच्या शिव्या कोण खाणार! माझं नाव चाललंय हे हिच्याकरवी तुमच्या कानावर घालायला मीच सांगितलं होतं. तुम्ही कलम आणाल याची खात्री होती. साडूची मुलगी इंजिनिअर, नोकरी आजवर कुठेच केलेली नाही. कंट्रोल रूममध्ये तिची निवड झाली. घरापासून पाच मिनिटांवर. ताईंनी मला आग्रहाने आणखी वाढलं. बायको ताटात बघून हसत होती.

१ ऑगस्ट
संस्था आजपासून सुरू. आमची एक लाइन दुरुस्तीसाठी बंद करायची होती. आता परवानगी लागते. फोन केला. पलीकडे साडूची मुलगी. नाव विचारलं, हुद्दा विचारला, कारण विचारलं. म्हटलं, अगं, मला ओळखलंस ना? म्हणाली, ओळखलं की काका, पण आम्ही स्वतंत्र आहोत. आज जमणार नाही, परवा फोन करा.
बरं मॅडम, म्हणालो.