घरात माणसं किती

प्रिय ढमे,

सगळ्यात आधी उतरला तो आपला जीपवाला, दारात पाय ठेवायच्या आत चहा मागणारा. त्याच्या मागून एक जाडे साहेब, मग कागदांचं बाड छातीशी धरलेली एक बाई, आणि शेवटी मोजपट्टीवाला, तो उतरल्या उतरल्या आपल्या पायरीवरून घसरला. मी हसले नाही. म्हणजे आत जाऊन हसले. किती महिन्यांनी घरात चार माणसं एकदम आली बघ. धड कान असलेले चार कप काही सापडेनात, तेव्हा साहेबांना तुझ्या बाबाचा पेला दिला.

साहेब म्हणाले, आजी, आधी किल्ला दाखवा. मला काय, आनंदच. गुडघे कुरकुरत होते तरी कमरेची किल्ली काढली, दरवाजा उघडला आणि त्यांना पार वरच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत नेलं. काठच्या ओल्या मातीत वाघिणीचे पंजे उमटले होते, शेजारी बछड्यांचे, वाटीएवढे. मोजपट्टीवाला हळूच म्हणाला, आजी, ती आत्ता आली तर? म्हटलं, पट्टी आहे ना हातात, तिची लांबी घे. साहेब इतके हसले की त्यांना बुरुजाच्या दगडावर बसवावं लागलं. तोफ अजून तशीच आहे. तू तिच्या तोंडात चप्पल टाकली होतीस आणि बाबानं काठीनं काढली होती, ते मी त्यांना सांगितलं. तुझं सांगायला लागले की मला थांबता येत नाही, आणि तिथेच सगळं बिघडलं, पण ते पुढे.

खाली आल्यावर साहेबांनी चौकटीवरच्या कोळशाच्या रेघा पाहिल्या. मी समजावलं, माणूस वर गेला की एक उभी रेघ, खाली आला की तिच्यावर काट. पाच वाजता सगळ्या रेघांवर काट दिसली की कुलूप, मग किल्ला वाघांचा. साहेबांनी विचारलं, चूक नाही होत कधी? मी म्हटलं, नाही.

खोटं बोलले, ढमे. किल्ला बघायला आलेले ते मास्तर त्या दिवशी केव्हाच उतरले होते, जाताना मला हात पण केला होता. मी गप्पांत होते, काट मारायची राहिली. कुलपाच्या वेळी एक रेघ मोकळी दिसली म्हणून तुझा बाबा तिन्हीसांजेला त्यांना शोधायला वर गेला, तो परत आलाच नाही. वाघिणीला तरी काय बोलायचं, तिची पिल्लं लहान होती. तू घर सोडताना एवढंच म्हणालीस, आजी, तू मोजायला चुकलीस. सात वर्षं झाली. मी तुला कधी ये म्हटलं नाही, कुठल्या तोंडानं म्हणू? फोनवर तू विचारतेस, बरी आहेस ना, मी म्हणते हो, आणि फोन ठेवते.

तर चहाच्या दुसऱ्या फेरीला साहेबांनी खरं काम काढलं. वाघांसाठी सरकार जंगलातली सगळी घरं उठवणार, पलीकडे मोठ्या रस्त्याला नवी बांधून देणार. बाईनं कागद उघडून विचारलं, घरात माणसं किती? आणि मी तुझं कौतुक सुरू केलं. माझी नात शहरात नर्स आहे, स्वतःची खोली आहे, खोलीत फ्रीज आहे, ती कशाला इथे परत येतेय. जीपवाला डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं त्याला आणखी चहा हवाय, मी ओतला. मग बाईनं वाचून दाखवलं, राहणारी माणसं एक. एकट्या म्हातारीला घर नाही, तिला आश्रमात एक खाट.

मी म्हटलं, खोडा ते, आम्ही दोघी आहोत. साहेब वाईट माणूस नाही गं. म्हणाले, आजी, लिहिलंय ते तुमच्याच तोंडचं. पण पुन्हा एकदा मोजणी आहे. नात दारात दिसली तर दोन लिहीन.

काल जीपवाल्याबरोबर तो आश्रम बघून आले. लांबलचक खोली, सोळा खाटा, खिडक्या इतक्या उंच की बसून आभाळच दिसतं. कोणी कोणाशी बोलत नाही. मी दोघी-तिघींना विचारलं, कुठल्या तुम्ही, तर भिंतीकडे वळल्या. मी बडबडी बाई, तिथे महिनाही निघणार नाही माझा.

म्हणून हे पत्र, जीपवाल्याच्या हाती. तो उद्या तिकडे येतोय. माफ कर म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. कायमची राहायला ये असंही म्हणत नाही. एक दिवस ये. किल्ला दिसायला नको असेल तर जीपच्या त्या बाजूच्या काचेला चादर बांधतो म्हणालाय तो. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, चहापण घेऊ नकोस, नुसती दारात उभी राहा. साहेबांनी यायचा दिवस पक्का सांगितलाय. येत्या गुरुवारी, सकाळी दहाला.

तुझीच,
अजून इथेच असलेली आजी