सासूबाईंच्या हाताच्या मुंग्या

खामगाव, सोमवार, संध्याकाळ



गिझर तापतच नव्हता, म्हणून आज ह्यांनी टेस्टर काढला. बटणापर्यंत करंट व्यवस्थित येत होता. म्हणजे आतली कॉइलच गेली असणार. तेवढ्यात ह्यांनी सहज, अगदी सहज, टेस्टर नळाला टेकवला. आणि तो पेटला. नळाला लावून पेटला!

आम्ही दोघं बाथरूममध्ये रबरी चपला घालून जातो. सासूबाई मात्र अनवाणी. किती दिवस सांगत होत्या, "अंघोळीच्या टायमाले हाताले मुंग्या येतात वं सूनबाई." मी काय केलं? त्यांची शुगर तपासून आणली. ताकदीच्या गोळ्या सुरू केल्या. मुंग्या म्हणे! करंट होता तो. रोज सकाळी. आणि वर मीच म्हणायची, अंघोळ करून घ्या, मग गोळी देते.

मेन स्विच बंद करून हे धावतच त्यांच्याकडे गेले. "आई, एवढं होत होतं तं तू बोंबलली काऊन नाही?"

सासूबाई शांतपणे मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "सांगतलं तं होतं. तुम्हीच म्हणले, वयानं होते. मंग म्या आदत करून घेतली."