चेहरा काकांचा, आवाज भलत्याचा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (आठांपैकी दोन अंगं कंबरदुखीमुळे रजेवर आहेत, सहांवर भागवून घे). तुझा खोकला गेला का? भावजींचं नवं ऑफिस कसं आहे? इकडे सगळं ठीक, म्हणजे काकू बोलतायत आणि काका शिवतायत.

पत्राला कारण ती मालिका. हो, तीच. जिचं नाव काढलं की तू खोलीतून उठून जातेस. पत्रातून उठून जाऊ नकोस, पुरतं वाच. तुझे वडील, म्हणजे आमचे काका, तेव्हा तिथे चित्रीकरणाला कपडे शिवायला होते. डॉक्टरचं काम करणारा नट ऐनवेळी आलाच नाही, आणि त्याचा कोट काकांनी स्वतःच्या मापानं बेतलेला (नटाचं माप कुणी पाठवलंच नव्हतं), म्हणून त्यांनाच उभं केलं. तू वर्गभर सांगितलंस, घरी दाराबाहेर चपलांचा ढीग पडला, भाग सुरू झाला, संपला, आणि डॉक्टर काही आला नाही. गल्ली तेव्हापासून काकांना 'डॉक्टर' म्हणते. शाळेत तुझी जी टिंगल झाली ती मी तुला काय सांगू? काका आजवर एकच सांगत आले, की वेळेत बसवायला तेवढा प्रसंग कापला. आपण नुसती मान डोलवत आलो.

तर आता त्या मालिकेच्या डीव्हीडी निघाल्यात. डब्यावर ठळक लिहिलंय, 'प्रक्षेपणात न दाखवलेल्या प्रसंगांसह'. मी धावतपळत घरी आणला. वाटलं, काका उड्या मारतील. ते म्हणाले, पँटी अल्टर करायच्या पडल्यात, तुम्ही बघा. मग काकूंनीच लावली. काकूंना मूळ मालिका तोंडपाठ, त्यामुळे कुरकुर पहिल्या मिनिटापासून. शीर्षकगीत बदललंय, थोरल्या सुनेचं रडणं वाढवलंय, आणि मुख्य म्हणजे जाहिराती नाहीत! पूर्वी सासरा कोसळला की जाहिराती लागायच्या, तेवढ्यात दूध तापवून व्हायचं. आता तो कोसळतो काय आणि लगेच शुद्धीवर येतो काय. दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि खापर मालिकेवर. पण मला ते थोडं पटलं, ताई. दुःखात मध्ये जरा जाहिरात हवीच, नाहीतर माणसानं सावरायचं कधी?

नवव्या भागात दार उघडलं आणि काका आत आले. खरोखर आले गं! काळेभोर केस, तो कोट, हातात बॅग. काकू चक्क गप्प झाल्या (नोंद घेण्याजोगी घटना). खरे काका सुई-दोरा हातात घेऊन दारात उभे, आपण बघतच नाही असं दाखवत. पडद्यावरच्या काकांनी नाडी बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "यांना आता एकटं ठेवू नका." बस, एवढंच. पण आवाज दुसऱ्याच कुणाचा! भारदस्त, घुमणारा. आपल्या काकांचा आवाज तो केवढासा, वाक्य संपायच्या आत विरून जाणारा. नंतर कुणाकडून तरी बोलून घेतलं असणार. मला हसू फुटलं आणि लगेच जीभ चावली. काका मशीनकडे वळले आणि म्हणाले, "पोरीला हेही खोटंच वाटणार."

मला फार वाईट वाटलं. टीव्हीवर लागली त्या मालिकेत काका नव्हतेच, या डब्यातल्या मालिकेत निम्मेच आहेत. पुरते आहेत ते फक्त त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत, आणि ती आपण कुणी धड ऐकून घेतली नाही.

बाकी क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मधल्या वयात अडकलेल्यांना सहानुभूती.

तुझा,
कंबरमोडका भाऊ

ता. क. यातलं तुला काही कळवायचं नाही, असं काकांनी बजावलंय. तेव्हा हे पत्र तुला मिळालेलं नाही.

आणखी ता. क. बजावून झाल्यावर नवव्या भागाची डीव्हीडी त्यांनीच कापडी पाकिटात घालून शिवून दिली. उसवताना जपून, टाका बारीक आहे.

शेवटचा ता. क. रविवारी सकाळी ती लाव. काका दार उघडून आत आले की थांबव, इकडे फोन कर, टीव्हीचा आवाज बंद कर आणि मग पुढे चालू कर. वाक्य काका म्हणतील. मशीनवर बसल्या बसल्या रोज म्हणून बघतायत. काकूंना वाटतं, गिऱ्हाइकाशी बोलतायत. फोन तेच उचलतील. त्यांना हॅलोसुद्धा म्हणायला लावू नकोस, घसा त्या एका वाक्यासाठी राखून ठेवलाय.