लिव्हरचं कोणाला न सांगता

आई, "पोटाचं कोणाले सांगजो नको व, लोक म्हणतीन बाई पेते," असं तू मला म्हणाली होतीस. तळेगावच्या बाजारासाठी तू सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होतीस आणि पोट इतकं फुगलं होतं की मांडी घालता येत नव्हती. लिव्हर बिघडलं आहे, वर्ध्याला दाखवा, असं गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू गेली नाहीस.

आता माझ्या सोनोग्राफीच्या कागदावर फॅटी लिव्हर लिहून आलं आहे. मी दार लागलंय ना ते पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाले, "मॅडम, मी कधी थेंबही घेतला नाही." त्या हसल्या. "न पिणाऱ्यांनाही होते ताई. वजन उतरवा, साखर-तळण कमी करा, रोज चाला. सहा महिन्यांनी परत तपासू. अन् घरातलं उरलंसुरलं संपवणं बंद करा. पोट हाय ते, डब्बा नाई."

तुझी आठवण झाली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तू गंजाच्या तळाशी उरलेला भात पुसून खायचीस, सकाळी शिळ्या पोळीचा कुस्करा. मीही तेच करत आले. आता मी एकदाच वाढून घेते, सगळ्यांसोबत बसते. सासूबाई म्हणतात, "सून आमच्यासंगं जेवून राह्यली, आता वाढाले आमी उठाव का?" पहाटे नाचणगावच्या रस्त्यानं चालते. चार किलो उतरले आहेत. पण थकले गं. रोज स्वतःची एवढी राखण करायची सवय नाही. त्यात सहा महिने केव्हाच उलटले. दोनदा तारीख घेतली, दोनदा गेले नाही. दवाखान्यातल्या बाकावर कोणीतरी ओळखीचं भेटतं आणि विचारतं, काय झालं? घरीही मी फक्त 'अ‍ॅसिडिटी' सांगितलं आहे. उद्याची तिसरी तारीख आहे. या वेळी जाणार आहे, आणि कोणी विचारलं तर लिव्हर म्हणूनच सांगणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तू आजारी असताना मावशी माझ्या कानाशी काहीतरी कुजबुजली आणि मी तुझ्या उशाचा तांब्या उचलून त्याचा वास घेतला. नुसतं पाणी होतं. वळले तर तू जागी होतीस. तू कूस बदललीस. वर्ध्याला जायचा विषय त्यानंतर तू शेवटपर्यंत काढू दिला नाहीस.

आई, एकदा रागाव ना माझ्यावर. "काऊन केलं व असं?" एवढंच विचार. तू तेही विचारणार नाहीस, मला माहीत आहे.