सातव्या कलमातलं यंत्र

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

करार पाठवतोय, हसू नकोस. आईनं सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे राहायचं असं ठरलं खरं, पण दर वेळी तारखेवरून आपली जुंपते. कागदावर आलं की कटकट मिटली. मी दिवसभर क्रेन भाड्यानं देण्याचे करार करतो. तोच मसुदा घेतला, ‘यंत्र’च्या जागी ‘आई’ घातलं आणि जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकलं. सह्या दोनच, तुझी नि माझी. आईला सांगू नकोस, उगीच मनाला लावून घेईल. मलाही जरा कसंसंच होतंय. पण तू शाळेत कंत्राटी, दरवर्षी नव्यानं सही करणारी, तुला तरी कागदाची किंमत कळेल.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
ढब्बू

२१ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

सही मीही केली, तेव्हा तुझ्यावर तोंड टाकायचा हक्क मला नाही. आईनं करार वाचला. माझा शाळेचा करार कपाटातून काढायला मीच तिला सांगितलं आणि दोन्ही एकाच पिशवीत होते. ती रागावली नाही, तेच जिव्हारी लागलं. एवढंच म्हणाली, की सातव्या कलमात ‘यंत्र’ बदलायचं राहून गेलंय. मग मी पहिल्यांदा ते कलम वाचलं. यंत्र कायमचं बंद पडल्यास ते ज्याच्या ताब्यात असेल त्यानं स्वखर्चानं हलवावं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दुसऱ्या दिवशी बॅग भरून ती बिस्किट कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडे गेली. फोन उचलत नाही. तू लिही, मला धीर होत नाही.

तुझी,
ताई

२५ जून

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कुठल्या तोंडानं लिहू? सातव्या कलमात चुकून राहिलं, असं म्हणणार होतो. पण जे राहिलं त्यापेक्षा बाकीच्या कलमांत जे मी मुद्दाम बदललं, त्याची लाज जास्त वाटते. लहानपणी तुझ्या युनियनच्या बैठकीत टेबलाखाली खेळायचो. पॅकिंगच्या बायका खोलीत येईपर्यंत पेनाचं टोपण काढणार नाही, असं तू मालकाला सुनावायचीस. ते ऐकत वाढलो आणि तुलाच बाहेर ठेवलं. करार फाडून टाकलाय. घरी चल, आता कसली पाळी नाही की मुदत नाही.

तुझा अपराधी,
ढब्बू

२ जुलै

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. ताईलाही वाचून दाखव.

फाडलास कशाला? कराराशी माझं वैर कधीच नव्हतं. करारामुळेच आमच्या बायकांना बसायला स्टूल मिळालं, बाळंतपणाची रजा मिळाली. तुझा जन्म भरपगारी रजेतला आहे, विसरू नकोस. चूक माझीही आहे. तुमच्या पाळ्यांची भांडणं मी मुकाट ऐकत राहिले, तेव्हाच बोलायला हवं होतं.

मैत्रिणीच्याच इमारतीत मी एक खोली भाड्यानं घेतलीय. घरमालकीण खडूस आहे, भिंतीत खिळा ठोकू देत नाही. पण सही करण्याआधी तिनं अख्खा करार मला वाचून दाखवला आणि दर कलमानंतर विचारलं, की तुम्हाला चालेल ना. त्यात मी पक्ष क्रमांक दोन आहे. तुमच्या करारात मी कोणीच नव्हते रे.

रविवारी दोघंही या. टेबल अजून घेतलेलं नाही, खालीच बसू.

तुमची,
आई